मागितलेला दाब, मिळालेला दाब

कुरुंद्याच्या मंजुळाबाईंना कुणी फसवू शकत नाही, असं खुद्द मंजुळाबाईंचंच मत होतं. ते त्यांनी गावात इतक्यांदा बोलून दाखवलं होतं, की लोकांनी कंटाळून का होईना ते मान्य करून टाकलं होतं. दुधाचं माप त्या स्वतःच्या तांब्यानं तपासायच्या. नवरा सटवाजी कधी नव्हे तो हसत घरी आला, तर "काहून हसून राहिले? कोण भेटलं?" असं विचारून त्याचं हसू उंबऱ्यावरच उतरवायच्या. सटवाजी गरीब गाय. त्यानं घरात हसायचंच सोडून दिलं होतं.

अशा या बाईनं अकरा वर्षं एका माणसावर मात्र डोळे झाकून भरोसा टाकला होता. तो म्हणजे त्यांचा ड्रायव्हर भावसिंग. जवळच्या तांड्यावरचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. आधी त्यानं त्यांचा ट्रॅक्टर चालवला, मग जुनी जीप, आणि गेल्या दिवाळीत घेतलेली नवी पिकअपही तोच चालवायचा. टर्बोची गाडी. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, मावशी, पंचवीस पोती हळद टाका, चढाला कळणारसुद्धा न्हाई.

आणि त्याच भावसिंगच्या हातातून मंजुळाबाईंनी एप्रिलातल्या एका शुक्रवारी चावी हिसकावून घेतली. घरात नाही, कोपऱ्यात नाही. हळदीला पॉलिश करायचा ड्रम फिरत होता तिथं, दहा-बारा माणसांच्या देखत.

"माझ्या गाडीला तू काय करून ठेवलंस ते तुझं तुला ठाऊक," त्या म्हणाल्या. "आजपासून हात लावायचा न्हाई."

भावसिंग काही बोलला नाही. अंगावरची हळदीची धूळ झटकली आणि पायी तांड्याकडं निघाला. आता आपल्याकडं कसं असतं, बोलला तर उर्मट आणि गप्प राहिला तर चोर. तो गेल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या.

एवढं रामायण कशावरून, तर ऐका. फेब्रुवारीपासून त्या नव्या गाडीला एक रोग जडला होता. भरली गाडी घेऊन हिंगोलीच्या मार्केटला निघालं, की औंढ्यापर्यंत सगळं ठीक. पुढं चढ लागला, की इंजिनाचा दम जायचा. समोर पिवळा दिवा पेटायचा, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी बैलगाडीच्या चालीनं चालायची. जरा वेळ बंद ठेवून परत चालू केली की थोडं अंतर बरी, पुन्हा तेच. डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला, डिझेल भरायचा पंपसुद्धा बदलून पाहिला. गुण काही येईना.

मेख अशी, की हीच गाडी पुतण्या हरीश वसमतला घेऊन गेला की घोड्यासारखी पळायची. हरीश बसला की पळते, भावसिंग बसला की मरते. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यात मंजुळाबाईंना आठवलं, दिवाळीत पेढे खाताना भावसिंग हसत म्हणाला होता, "आक्का, पुढंमागं ही गाडी विकायची झाली तर आधी मला विचारा बरं का." तेव्हा त्याही हसल्या होत्या. आता ते वाक्य त्यांच्या कानात दिवसभर वाजायला लागलं. गाडी रोगट दाखवायची, मालकिणीला वैताग आणायचा आणि पडत्या भावात घशात घालायची! वा रे वा भावसिंग, अकरा वर्षं मीठ खाल्लं ते यासाठी?

शनिवारी भावसिंग गावातल्या दुसऱ्या एका गाडीवाल्याकडं काम मागायला गेला. त्यानं सांगितलं, सध्या न्हाई. रविवारी आणखी एकानं तेच सांगितलं. "आक्कांनी काढलाय म्हणल्यावर कायतरी असंलच ना," असं दोघंही पाठीमागं बोलले. ड्रायव्हरचं काय असतं हो? हातात कला आणि मागं नाव. नाव गेलं की कला कुणी विचारत नाही.

हे सटवाजीच्या कानावर आलं. भाकरी मोडता मोडता तो मान खाली घालून म्हणाला, "पण पुरावा काय हाय तुझ्याकडं?"

बाईंना हे फार झोंबलं. नवऱ्यानं प्रश्न विचारला म्हणून झोंबलं, आणि उत्तर नव्हतं म्हणून जास्त झोंबलं. रात्री त्यांचा डोळा लागला नाही. खरंच पुरावा नव्हता. पण नव्या गाड्यांच्या पोटात एक कॉम्प्युटर असतो, आणि गाडीला काय झालं ते सगळं तो लिहून ठेवतो, असं त्यांनी हरीशकडून ऐकलं होतं. बस. त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर!

मंगळवारी पंचवीस पोती भरली, हरीशला चाकावर बसवलं आणि बाई स्वतः शेजारी बसल्या. औंढं मागं पडलं, चढ आला, आणि पिवळा दिवा पेटला. गाडी हळूहळू मेली.

"काकू, हे तर माझ्या हातात बी मेली की," हरीश घाबरून म्हणाला.

दुसऱ्या कुणाच्या डोक्यात इथं उजेड पडला असता. पण संशयानं घर केलं की तो खिडक्यासुद्धा आतून लावून घेतो. मंजुळाबाईंनी दातओठ खाल्ले आणि म्हणाल्या, "जाता जाता कायतरी करून गेला मेला! तू चल पुढं."

हिंगोलीत अकोल्याच्या रस्त्याला एक गॅरेज होतं. गॅरेज भावाचं, पण गाडीच्या कॉम्प्युटरचं सगळं काम बहीण बघायची. साधना तिचं नाव, मूळची पुसेगावची, आयटीआय झालेली, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. तिला बघून बाईंचा पहिला संशय तिच्यावरच आला. ही पोरगी काय गाडी बघणार? मग त्यांनी तिचे हात बघितले. नखं ग्रीसनं काळी झाली होती. तेवढ्यानं बाईंना जरा धीर आला.

साधनानं स्टिअरिंगच्या खाली एक वायर खोचली. वायरीच्या दुसऱ्या टोकाला पाटीएवढं यंत्र होतं. त्याच्यावर अक्षरं उमटायला लागली.

"नाव सांग," मंजुळाबाई म्हणाल्या.

"कुणाचं नाव, मावशी?"

"ज्यानं केलं त्याचं. सगळं लिहिलेलं असतंय म्हणून आले मी."

साधना हसली. "हे नाव न्हाई सांगत. काय बिघडलंय ते बी सरळ सांगत न्हाई. कॉम्प्युटरला कुठं शंका आली तेवढं सांगतंय. बघा, तो म्हणतोय, टर्बोचा दाब मागितला तेवढा मिळाला न्हाई."

"म्हणजे टर्बो कुणीतरी खराब केला!"

"दमा, मावशी. टर्बो म्हणजे काय, एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आन् बाहेरची हवा आत कोंबतो. हवा जास्त कोंबली की डिझेल जास्त जाळता येतंय, म्हणून ताकद. पण हवा किती कोंबली गेली हे कॉम्प्युटरला दिसत न्हाई. त्यासाठी एक सेन्सर बसवलाय, दाब मोजणारा. तो सांगंल त्या हिशोबानं कॉम्प्युटर डिझेल सोडतो."

"आन् सेन्सर खोटं बोलला तर?" बाईंनी ताबडतोब विचारलं.

साधनानं मान वर करून त्यांच्याकडं नीट बघितलं. "शाळा शिकल्या असत्या तर तुमी माझ्या पोटावर पाय दिला असता, मावशी. हाच प्रश्न असतो. कॉम्प्युटरचा बी कुणावर भरोसा नसतो. एका सेन्सरचं ऐकतो, दुसऱ्याशी ताडून बघतो. मेळ बसला न्हाई की त्याला संशय येतो."

"मग बराबरच हाय त्याचं," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांना त्या गाडीबद्दल आपुलकी वाटली.

"बराबर हाय. पण संशय आला म्हणून तो इंजिन बंद करत न्हाई. ताकद कमी करतो, तुमाला घरापर्यंत नेतो, आन् नोंद करून ठेवतो. पक्कं कळल्याशिवाय कुणाला दोषी धरत न्हाई."

पोरगी सहज बोलली होती, पण मंजुळाबाईंना ते कुठंतरी टोचलं. त्यांनी पदर सारखा केला आणि रस्त्याकडं बघत बसल्या.

साधनानं विचारलं, वसमतला जाताना गाडी भरलेली असते का? रिकामी असते, हरीश म्हणाला. "तरीच," ती म्हणाली. "रिकाम्या गाडीला टर्बोचं काम पडतंय कुठं? मागणीच न्हाई तर कमी पडलं हे कळंल कसं?" हरीश गाडीचा राजा समजत होता स्वतःला, त्याचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी ऐकलं, पण ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग ती स्वतः चाकावर बसली, आणि यंत्र मंजुळाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "दोन आकडे दिसतील. वरचा मागितलेला दाब, खालचा मिळालेला. मी गाडी पळवते, तुमी मोठ्यानं वाचा."

बाई वाचायला लागल्या. मोबाईलमुळं इंग्रजी आकडे त्यांना पाठ होते. गाडी वाशिमकडच्या चढाला लागली. "वरचा एकशे पन्नास, खालचा शंभर. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे सहा. वरचा दोनशे... खालचा एकशे दहा... अगं, खालचा लंगडून राहिला!" तेवढ्यात पिवळा दिवा पेटला आणि गाडीचा दम गेला. आजवर ही गाडी का मरते यावर त्यांनी जेवढं डोकं चालवलं होतं, त्यात हे दोन आकडे कुठंच नव्हते.

साधनानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चावी फक्त अर्धी फिरवून ठेवली. "आता इंजिन बंद. कोंबाकोंबी बंद. आतली हवा आन् बाहेरची हवा सारखीच. आपल्या हिंगोलीत पंच्याण्णव-शहाण्णव दाखवाया पाहिजे. काय दिसतंय?"

"एकशे अठ्ठावीस."

"काय?"

"एकशे अठ्ठावीस. आता सत्तावीस. सव्वीस. हळूहळू उतरून राहिला."

साधना आकड्यावर वाकली. तिला कळायच्या आधी, खरं सांगतो, मंजुळाबाईंना कळलं. हळद शिजवायचा वाफेचा बॉयलर त्यांनी पंधरा वर्षं चालवला होता, आणि तिथल्या दाबाच्या काट्यावर त्यांची नजर नवऱ्यावर असायची त्याहून करडी असायची.

"नळी तुंबली," त्या म्हणाल्या. "आमच्या बॉयलरचं अगदी असंच झालं व्हतं. वाफ सोडून दिली तरी काटा खाली यायला तयार न्हाई, आन् वाफ धरली की वर चढायला तयार न्हाई. काटा चांगला व्हता. त्याच्याकडं जाणाऱ्या बारक्या नळीत घाण बसली व्हती. दाब पोचायला बी उशीर, निघायला बी उशीर."

"मावशी!" साधनानं स्टिअरिंगवर हात आपटला. "ह्या गाडीत बी सेन्सर लांब बसवलाय, इंजिनाच्या मागं. बारक्या रबरी नळीनं जोडलाय. टर्बो चांगला, सेन्सर चांगला. बातमी पोचायला उशीर होऊन राहिला, आन् कॉम्प्युटरला वाटून राहिलं दाबच न्हाई!"

बाईंची छाती आनंदानं फुलली. हिंगोलीतल्या शिकल्यासवरल्या पोरीच्या आधी आपण ओळखलं! गॅरेजला परत येईपर्यंत त्यांनी ते हरीशला तीनदा ऐकवलं. बोनेट उघडलं तेव्हा त्या सगळ्यात पुढं होत्या. साधना बोटानं नळीचा माग काढत गेली. पेन्सिलीएवढी काळी नळी, इंजिनावरून निघून मागच्या पत्र्याकडं गेलेली. पार मागं, अंधाऱ्या कोपऱ्यात तिचं बोट थांबलं.

"इथं कायतरी गुंडाळलंय," ती म्हणाली. "दोरा. काळा दोरा."

आता मलाही एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. ही गोष्ट मी तुम्हाला आत्तापर्यंत सांगितली नाही, कारण मंजुळाबाईंच्या डोक्यातसुद्धा ती गाडीच्या रोगाच्या जवळपास कुठं नव्हती. ती देवाधर्माच्या खणात ठेवलेली होती, आणि गाडीचा रोग वेगळ्या खणात. दोन खणांच्या मधली फळी त्या क्षणी निघाली.

संक्रांतीला भावसिंगची बायको रूपाबाई वाण घ्यायला आली होती. अंगणातल्या गाडीवरून हात फिरवत ती म्हणाली, "आक्का, लई देखणी हाय बगा गाडी. अशी आख्ख्या गावात न्हाई." बास. मंजुळाबाईंच्या काळजात चर्र झालं. नजर! येणाऱ्या अमावास्येला त्यांनी एक बिब्बा काळ्या दोऱ्यात ओवला, आणि गाडीला बांधायला गेल्या. पुढं बांधलं तर धुताना काढून टाकतात. म्हणून बोनेट उघडलं. आतलं सगळं जाड आणि तेलकट. दोरा बसेल अशी एकच बारकी, कुणाला न दिसणारी वस्तू होती. तिथं त्यांनी सात वेढे घट्ट आवळले. पुढं हळदीचे दिवस आले, ओझं आलं, ऊन आलं, आणि गाडी मरायला लागली. बाई म्हणाल्या, बघा, नजर किती कडक! दर खेपेला गाडी मेली की त्या गुपचूप आणखी दोन वेढे आवळायच्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती वेगळी. इथं बाई स्वतःच फांदीवर बसून ती कापत होत्या.

"थांब!" त्या ओरडल्या. "तू हात नको लावू. मी काढते."

साधनाच्या हातातली कात्री घेऊन त्यांनी स्वतः आत हात घातला. गरम रबरात दोरा पार रुतला होता. तो कापला, बिब्बा ओढून काढला, आणि कुणाला दिसायच्या आत मुठीत दाबून धरला. कापलेला दोरा मात्र खाली पडला. नळीवर खोल वण दिसत होता.

"कुणीतरी चांगला आवळलाय हो," साधना म्हणाली. "पंधरा-वीस वेढे असतील."

हरीशनं दोरा उचलला. त्याचे डोळे चमकले. "काकू! ही तर करणी! भावसिंगनंच केली! पुरावा पायजे व्हता ना तुमाला? घ्या पुरावा!"

साधनानं हरीशकडं बघितलं, मग बाईंच्या मिटलेल्या मुठीकडं बघितलं. बाईंनी तिची नजर टाळली.

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. "मी बांधला," एवढंच. पण जिनं आयुष्यभर दुसऱ्याला रंगेहाथ पकडलं, तिच्या जिभेला हे दोन शब्द जड झाले. इतके जड, की त्या गाडीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल, बाजार उरकून घरी."

साधनानं नवी नळी टाकली. गाडी परतीच्या वाटेवर वाऱ्यासारखी पळाली. हरीश गाणं म्हणत होता. मंजुळाबाई मूठ मिटून बसल्या होत्या. घरी पोचल्यावर त्यांनी बिब्बा उकिरड्यात खोल पुरला, हात राखेनं घासून धुतला आणि चहासुद्धा घेतला नाही. तोवर हरीशनं दोऱ्याचा आणि वण पडलेल्या नळीचा फोटो गावातल्या हळदवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता: 'बघा भावसिंगचे प्रताप.' दीडशे माणसांनी तो बघितला. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात," असं एकानं लिहिलं. त्याला सात जणांनी अंगठे दिले.

बाईंनी ते वाचलं. दोनदा वाचलं. तरी गप्प बसल्या. उद्या सांगू, असं मनाला म्हणाल्या. बुधवारीही उद्या सांगू असंच म्हणाल्या.

गुरुवारी पहाटे उजवा हात आगीत घातल्यासारखा पेटला म्हणून त्या जाग्या झाल्या. तळहात टरारून सुजला होता, बोटांच्या पेरांपर्यंत पाणी भरलेले फोड आले होते. इंजिनाच्या उष्णतेनं बिब्ब्याचं तेल सुटलं होतं, आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी ते मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. बिब्बा उतला होता. सटवाजीनं हात बघितला, बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "गाडीला बांधलेला तो तुझाच व्हता का गं?"

अकरा वर्षांत, नव्हे तीस वर्षांत, त्या बाईनं नवऱ्यापुढं मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली.

दुपारच्या आत त्या एकट्या, पायी तांड्यावर गेल्या. भावसिंग ओसरीत बाजेवर बसला होता. रूपाबाई आतून पाणी घेऊन आली. तांब्या घ्यायला बाईंनी चुकून उजवा हात पुढं केला.

"अगं माय!" रूपाबाईनं तांब्या खाली ठेवला. "बिब्बा उतला का, आक्का? कुठं लागला?" उत्तराची वाट न बघता ती आत गेली. पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटल्याचा आवाज आला. वाटीत वाटण घेऊन ती बाहेर आली, बाईंचा हात मांडीवर घेतला आणि हलक्या बोटांनी लावायला लागली.

"तुझ्यासाठीच बांधला व्हता," मंजुळाबाई म्हणाल्या. "संक्रांतीला तू गाडीला देखणी म्हणलीस. तुझ्या नजरेसाठी बांधला मी. नळी मीच चेपली. गाडी मीच मारली."

रूपाबाईचं बोट थांबलं. क्षणभरच. मग ती पुन्हा लेप लावायला लागली, पण तिनं मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी बाईंच्या मनगटावर पडलं.

मंजुळाबाईंनी डाव्या हातानं मोबाईल काढला. हळदवाल्यांचा ग्रुप उघडला, बोलायचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि बोलल्या: "मी मंजुळाबाई बोलून राहिले. गाडीतला दोरा भावसिंगनं न्हाई, मी बांधला व्हता. नजर लागू न्हाई म्हणून. त्यानं गाडी बिघडली. भावसिंगचा काडीचा दोष न्हाई. मंगळवारीच कळलं व्हतं मला, तरी मी गप्प बसले. हरीश, तो फोटू आधी काढ." अंगठा सोडला. निरोप गेला.

मग त्यांनी कनवटीची चावी काढून बाजेवर ठेवली. "उद्यापासून ये भावसिंग."

"नाव परत दिलंत, आक्का. लई झालं," भावसिंग म्हणाला. "गाडी आता दुसऱ्या कुणाला द्या."

"काहून? कबूल केलं न्हाई का मी? आख्ख्या गावापुढं केलं!"

"केलं. पण तुमाला एक सांगायचं राहिलंय." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "तो दोरा मला पहिल्याच दिवशी दिसला व्हता. रोज सकाळी ऑइल बघायचो ना मी. कुणासाठी बांधला ते बी कळलं व्हतं. मग वेढे वाढत गेले. नळी चेपून राहिली, हे चांगलं न्हाई, एवढं मला बी कळत व्हतं."

मंजुळाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "दिसत व्हतं तर सोडला काहून न्हाई? दोन मिंटाचं काम!"

"दोन मिंटाचंच," भावसिंग म्हणाला. "कितींदा हात तिथवर नेला. पण नजर माझ्या घरची, आन् दोरा सोडणारा बी मीच. त्या दिवशी गाडीचं नुसतं टायर जरी फुटलं असतं, तर तुमी काय म्हणल्या असत्या, आक्का?"

मंजुळाबाईंनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. आपण काय म्हणालो असतो, कुठं उभं राहून, किती माणसांच्या देखत, ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. त्या तशाच खाली बसल्या आणि परक्याच्या ओसरीत लहान लेकरासारख्या रडायला लागल्या. रूपाबाईनं त्यांचा हात सोडला नाही, आणि भावसिंगनं चावी उचलली नाही.